नाव न घेता सरकवलेल्या पत्रिका

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास मले सोसत नाई, अन् मी जिथं काम करतो तिथं दुसरा वासच नाई. वाशीमले, बस स्टॅन्डच्या मांगं, एका गाळ्यात सरची कम्प्युटरची खोली हाय. चपला बाहीर काढा लागतात, काहून त मशीनले धूळ चालत नाई. धूळ चालत नाई पन सरचं थुक चालते. खुर्चीच्या बाजूले रेती भरलेला डालड्याचा डबा, त्याच्यात ते दिवसभर थुकतात, अन् ज्या बोटानं पन्नीतला खर्रा चोळतात त्याच बोटानं बटनं दाबतात. बटनायच्या फटीत सुपारीचा चुरा. एन्टरचं बटन त तपकिरी झालं, दाबलं की बोटाले चिकटते अन् सोडताना च्यक करते. मी पह्यल्या दिवशी पदर वला करून पुसाले गेली त सर म्हनले, "बाई, पानी लावू नका, शॉक बसते." तवापासून मी शॉकलेही भेतो अन् बटनालेही.

भित्री त मी पह्यलेपासूनच. बहात्तरच्या दुष्काळातली मी. माय खडी फोडाले जाय, मले झाडाले झोळी बांधून तिच्यात टाकून ठेवे, अन् तिकडं सुरुंग उडाला की इकडं झोळी हाले, असं ती सांगते. त्याच्यानंच असन. दहावीत इंग्रजीत गेली, मंग टायपिंगच्या क्लासले घातलं, तेही अर्ध्यात सोडून लगन झालं. पन बोटं शिकली होती. सरले लगनाच्या पत्रिका टाइप कराले बाई पायजे होती, मशीनमंदी मराठी अक्षराचं कार्ड बसवेल होतं, अन् बटनं कुठी हायेत हे मले चाचपडून का होईना पन सापडे. सर म्हनले, "तुळशीचं लगन झालं की पत्रिका सुरू होतात. पह्यली खेप बिनचूक गेली त पक्की करतो. नाई त राह्य द्या."

हे पक्कं होनं काय होतं माह्यासाठी, ते सांगतो. दिवाळी झाली की मुकादमचा ट्रक येते अन् आमच्याकडचे लोक वीटभट्टीवर जातात. नवरा-बायको मिळून एक जोडी, जोडी असली तरच मुकादम नेते. मांगच्या साली मी गेली होती, पोट्टी पोटात होती माह्या. शेजारच्या खोपटात एक तान्हं लेकरू होतं. दिवसभर राख अन् धूर. ते खोकले त काळं निंगे, त्याची माय पदरानं पुसे, पदर काळा झाला की उलटा करून पुसे. एक दिवस ते खोकललंच नाई. त्याच्या मायनं त्या दिवशीही विटा वाह्यल्या. मी पाह्यलं ते. मंग माही पोट्टी झाली, अन् मी मनात धरलं, हिले घेऊन मी त्या राखीत जानार नाई. घरचे, म्हनजे पोरीचे बाबा, वाईट नाईत. ते म्हनले, "पक्की झाली त तू राह्य लेकराले घेऊन, मी मुकादमशी काही बोलतो. नाई झाली त चाल, दुसरा इलाज नाई." ट्रक याले दोन-चार दिवस उरले होते, अन् त्याच्यातच पह्यली खेप जानार होती.

पत्रिका टाइप करन्यातही मले शिसारी ये, हे कोनाले सांगितलं नाई. लोकं मजकूर हातानं लिवून आनत, कोनी वहीचं पान, कोनी सिगारेटच्या पाकिटाचा कागद, कोनी जुन्याच पत्रिकेच्या मांगं. मी टाइप करो, सर छापून देत, लोकं प्रूफ घरी नेऊन वाचून हो म्हनत. मंग तो हातचा कागद सर घेत, त्याच्यात चघळलेला खर्रा गुंडाळत अन् डब्यात टाकत. कोनाच्या पोरीचं नाव, कोनाच्या मामाचं नाव, अन् त्याच्यात थुकलेली सुपारी. मी तिकडं पाहोच नाई.

त्या दिवशी आमी सकाळच्या गाडीनं आलो, मी, पोट्टी अन् आत्याबाई, म्हनजे माही सासू. आमच्या जऊळक्याले गाडीत चढलो तवा पोट्टी झोपेल होती. आत्याबाई रोज माह्यासंगं येत. शेजारचा गाळा बंदच राह्यते, त्याच्या ओट्यावर लेकराले घेऊन बसत, ते रडलं की दारातून मले खूण करत, मी मांगच्या बोळीत जाऊन पाजून येओ. सरले ते आवडत नसे. तोंडात खर्रा, म्हनून ते डोये वर करून भिंतीकडं पाहत, म्हनजे मले समजे. माह्या पोलक्याले सदा दुधाचा आंबूस वास, अन् खोलीत खर्रा, अन् भिंतीवर पालीची लेंडकं. असं त्या मशीनचं सोवळं.

सर त्या दिवशी घाईत होते. म्हनले, "बाई, मी तहसीलीत जाऊन येतो. दुपारच्या गाडीनं अकोल्याचा प्रेसवाला येते फ्लापी न्यायले. त्याच्या नावाची डिरेक्टरी मी करून ठेवली. सगळ्या पत्रिका त्याच्यात मूव्ह करा, मंग तेवढं फ्लापीवर कॉपी मारा. येते न?"

मी मान हालवली. येत होतं. डिरेक्टरी म्हनजे पेटी, असं मी मनात समजून घेतलं होतं. काळ्या पडद्यावर ती रेघ उघडझाप करते, तिथं मूव्ह लिवायचं, मंग पत्रिकेचं नाव, मंग ज्या पेटीत धाडायची तिचं नाव, मंग ते चिकट बटन. मशीन सांगते, इथून तिथं गेली, ओके. कागद असता त सरकवला असता, तसंच.

सर गेले, मी खुर्चीवर बसली, मूव्ह लिवलं, पह्यल्या पत्रिकेचं नाव लिवलं, अन् बोट थांबलं. काहून त प्रेसवाल्याचं जे नाव, तेच आमच्या घरच्याइचं नाव.

शयरातल्या बायाइले हे हसू येईन. आमच्या घरी भिंतीवर बाबासायबाचा फोटो हाय, बुद्धाचा हाय. छप्पनच्या साली आत्याबाई लहान होत्या, त्यायच्या बापानं देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, ते त्या अभिमानानं सांगतात. पन नवऱ्याचं नाव घ्याचं नाई, हे कोनी टोपल्यात भरलं नाई, ते घरातच राह्यलं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते. मी लगनात उखान्यात एकदा घेतलं असन, तेही बाया मांगं लागल्या म्हनून. मंग नाई. गावात कोनी इचारलं त मी म्हनतो, पोरीचे बाबा. रेशनच्या दुकानात म्हनतो, घरचे. सगळ्याइले समजते. आजपर्यंत कोनी पोरीचे बाबा ऐकून दुसऱ्याच्या घरी गेलं नाई.

अन् पोरीचे बाबा त भट्टीवर जानारा मानूस. भट्टीवर जानाऱ्या मानसाचं नाव इंग्रजीत, त्या थुकल्या बटनाइनं, एकेका पत्रिकेसाठी परत परत कसं लिवू? मंग मले वाटलं, अकोल्याचाच त हाय प्रेसवाला. अकोला लिवलं त समजन मशीनले.

म्हनून मी लिवलं अकोला.

अन् मशीन म्हनली, ओके.

मले इतकं बरं वाटलं. बाईमानसासारखी समजदार हाय मशीन, असं वाटलं. मंग दुसरी पत्रिका, अकोला, ओके. तिसरी, अकोला, ओके. एकदाही तिनं इचारलं नाई, की बाई, अकोला कोनतं? हिंदूची गणपतीवाली पत्रिका, आपली पंचशीलवाली, मुसलमानाची, सगळ्या गेल्या. शेवटची आसेगावची होती, तीही गेली. मधात आत्याबाईनं खूण केली, मी पोट्टीले पाजून आली, हात धुतले, फ्लापी टाकली अन् कॉपी मारली.

फ्लापी एकदा कर्रर केली अन् गप बसली.

सर करत तवा ती लय वेळ कुरकुरे, दळन दळल्यावानी. इतक्या पत्रिका अन् एकच कर्रर? पडद्यावर यादी पाह्यली. पेट्या असतात त्याइच्या पुढं तशी खूण राह्यते, डीआयआर लिवेल. अकोल्याच्या पुढं खूण नव्हती. ती पेटी नव्हतीच. ती पत्रिका होती. मी उघडली त आसेगावची निंगाली. एकटी. बाकीच्या कुठीच नाई, जिथून सरकवल्या तिथंही नाई.

तवा समजलं काय झालं ते. अकोला नावाची पेटीच नव्हती त मशीननं पह्यल्या पत्रिकेलेच अकोला नाव देलं. मंग दुसरीलेही अकोला नाव देलं, अन् एका नावाच्या दोन राह्यत नाईत म्हनून पह्यली पुसून टाकली. तिसरीनं दुसरीले पुसलं. असं करत करत शेवटची राह्यली, बाकी सगळ्या तिच्या पोटात. अन् दरवेळी ओके. गिळलं की ओके. मी तोंडाले पदर लावला. कुत्रीसुदिक आपली पिल्लं खाते त गुरगुरते.

मी बाहीर आली. आत्याबाई पोट्टीले पायावर घेऊन बसल्या होत्या. माह्याकडं पाहून म्हनल्या, "काय झालं व? तोंड असं पांढरं काहून झालं तुयं?"

"पत्रिका गेल्या जी."

"कोठी गेल्या?"

"एकीनं दुसरीले खाल्लं. एकच उरली."

"पत्रिका हायेत का मांजरी?"

मी सांगितलं सगळं, घाईघाईनं, श्वास लागे मले. पेटी कोनाच्या नावाची होती ते सांगताना म्हनलं, आपल्या घरच्याइचंच नाव प्रेसवाल्याचंही हाय, म्हनून मी अकोला म्हनलं.

मले वाटलं रागावतीन. त्या म्हनल्या, "बरोबर म्हनलं तूनं. त्या मशीनले समजाले पायजे होतं. नाई समजलं त इचाराले तोंड नाई तिले? कोरी पाटी हाय मेली."

"आता जी? सर येतीन. मले काढतीन. मंग ट्रक."

ट्रक म्हनलं अन् आमी दोघीनंही पोट्टीकडं पाह्यलं. ती आपलं पायाचं बोट तोंडात घालत होती.

"जुने कागद असतीन न," आत्याबाई म्हनल्या, "लोकाइनं देल्ले. त्याच्यावरून परत लिव."

मी आत बोट दाखवलं, डब्याकडं.

आत्याबाई उंबऱ्यात आल्या, वाकून पाह्यलं, अन् मांगं सरल्या. "नाई," त्या म्हनल्या. "त्याच्यात हात घालाचा नाई. शेन काहाड म्हन, मी काहाडतो. बाईचं बाळंतपन कर म्हन, मी केले, लय केले. पन मानसाचं थुक नाई. भाषनात सांगतात ऐकलं न तूनं, आपल्या लोकाइच्या गळ्यात थुकाले मडकं बांधत म्हनून? आपलं थुक रस्त्यावर पडू नये म्हनून. अन् आता त्याइचं थुक आपन हातात घ्याचं? कोनत्या शिक्षनानं सांगितलं हे?"

मी म्हनलं, "आत्याबाई, मांगच्या साली तुमी भट्टीवर नव्हत्या. मी होती."

त्यायनं पोट्टीले माह्याकडं देल्लं, ओट्याच्या कोपऱ्यातला खराटा उचलला, त्याच्यातल्या दोन जाड काड्या उपसल्या अन् म्हनल्या, "बाजूले हो. तुले उलट्या होतीन, लेकरू अंगावर पिते तुयं."

अन् त्यायनंच काढले. दोन काड्याइच्या चिमट्यात एकेक गोळा धरून, तोंड फिरवून, ओट्यावर आनून ठेवला. काड्याइनंच उलगडला, आतला खर्रा नालीत झटकला. बॉलपेनचं लिवेल होतं म्हनून पुसलं नव्हतं, पन कागद तपकिरी, वले, अन् त्याच्यावर बोटाच्या खुना. माशा आल्या. कोनाच्या पोरीच्या नावावर सुपारीचा तुकडा चिकटेल. मी ते सारं पाह्यलं अन् मले सरचा नाई, त्या मशीनचाच जास्त राग आला. सर थुकतात ते दिसते तरी. ते मशीन घाण करून तोंड पुसून बसते.

मी कागद दगडाइखाली ठेवून वाळवले, आत गेली अन् लिवत सुटली. आसेगावची उरली होती तिचाच साचा केला, नावं बदलत गेली. पत्रिका एकसारख्याच असतात, लगन कोनाचंही असो, आपल्या घरचं समजून या म्हनतातच. आत्याबाई काड्याइनं कागद धरून दारातून दाखवत, मी खुर्चीवरूनच वाचो. पोट्टी ओट्यावर रडे. दूध सुटून पोलकं वलं झालं, मी उठली नाई. पाठीवर घाम, बोटाले ते चिकट बटन, च्यक, च्यक. मले कव्हाही वाटे आता सर येतीन.

सगळ्या झाल्या, एक सोडून. धनजच्या लगनाचा जो कागद होता, त्याच्या तारखेवरच पिंक पडली होती. धरला त लगदा झाला. बाकी मजकूर वाचता आला, तारीख गेली. मी ती जागा रिकामी सोडली.

मंग उरलं पेटीचं नाव.

मी मूव्ह लिवलं, पत्रिकेचं नाव लिवलं, अन् परत तसंच. हात उठेना. लाज नव्हती ती, मले किळस आली होती. त्या बटनाइनं आतापर्यंत जे जे गिळलं ते पाह्यलं होतं मी, अन् आता माह्या हातानं त्याइचं नाव त्या तोंडात टाकू?

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हनल्या, "अडलं कुठी?"

"नाव जी."

"हं." त्यायनं लुगड्याले हात पुसले, आत आल्या. मशीनले हात लावाले त्या पह्यल्यांदाच आल्या. "तू घेऊ नको. मी माय हाय, मले चालते. मीच ठेवलं ते नाव. कोनतं दाबू सांग."

त्याइले अक्षर येत नाई. मी बोट लावलं नाई, नुसतं दाखवलं, हे, आता हे. त्या बोटानं नाई, पुऱ्या अंगठ्यानं दाबत, अंगठा देल्ल्यावानी, अन् दाबताना तोंडानं हळूच पोराचं नाव घेत. एका बटनावर अंगठा जास्तच टेकला, ते चिकटलं, अन् ते एकच अक्षर पडद्यावर पळत सुटलं, रेघ भरून गेलं.

"हे काय झालं व?"

"नाव लांबलं जी."

"लांबू दे. आयुष्य लांबन त्याचं."

मी मधातले अक्षर पुसले, पुसताना माह्या हाताखाली त्याइचं नाव होतं ते मले माहीत हाय, पन अक्षर पुसनं म्हनजे नाव घेनं नाई, असं मी धरलं. आत्याबाईनं एन्टर दाबलं, हात मांगं घेतला अन् अंगठा पाह्यला. "चिकट हाय कायतरी."

"हो जी."

मशीन म्हनली, ओके. मी मानलं नाई. पेटी उघडून पाह्यली, पत्रिका आत होती. मंग दुसरी, परत आत्याबाईचा अंगठा, परत उघडून पाह्यलं. अशा सगळ्या. शेवटाले आत्याबाईचा अंगठा आपल्याआपन जागेवर जाऊ लागला होता. फ्लापी टाकली तवा ती लय वेळ कुरकुरली, ते कुरकुरनं ऐकून माह्या डोयाले पानी आलं.

सर आले तवा प्रेसवाला संगंच होता, बस स्टॅन्डवर भेटला म्हने. जाडा मानूस, गळ्यात सोन्याची साखळी. त्याच्याकडं पाहून मले कसंसंच वाटलं, की ह्याचंही नाव तेच. मी सरले सांगितलं, धनजच्या पत्रिकेत तारीख नाई. सर म्हनले, काहून नाई, प्रूफ त पास झालतं. मंग ओट्यावर वाळत घातलेले कागद त्याइले दिसले, मंग मले सारं सांगाच लागलं.

सर रागावले नाईत. हसले. हसताना तोंडातून रस आला तो त्यायनं मनगटानं पुसला. प्रेसवाल्याले म्हनले, "ऐका हो, तुमचं नाव टाइप कराले बाई लाजली, काहून त नवऱ्याचं नाव तेच हाय. माह्या सगळ्या पत्रिका खाल्ल्या तुमच्या नावानं."

प्रेसवाला म्हनला, "मंग वहिनी, आमालेही अहो म्हना." अन् दोघंही हसले.

मंग सर खुर्चीवर बसले, पन्नी काढली, चोळता चोळता म्हनले, "धनजवाल्याचा फोन हाय माह्याकडं, तारीख मी इचारतो. पन बाई, असं काम कसं चालन? आजपासून लाज सोडा लागन. आता आमच्यासमोर एक उखाना घ्या. चांगला खनखनीत. घेतला त पक्की."

मी दाराकडं पाह्यलं. पोट्टी आत्याबाईच्या खांद्यावर झोपली होती. एक उखाना. बाया बारशात घेतात, मुंजीत घेतात, काय होते त्याच्यात? भट्टीची राख माह्या डोयासमोर आली. मी तोंड उघडलं. अन् त्या दोघाइचे तोंडं पाह्यले, वाट पाहून राह्यलेले, एकाच्या दातात सुपारी, अन् मी तोंड मिटलं.

आत्याबाई उंबऱ्यातून बोलल्या, मोठ्यानं नाई. "नाव पायजे न तुमाले? मी सांगतो." अन् त्यायनं पोराचं नाव घेतलं, बापाचं लावून, आडनाव लावून, जसं शायेत हजेरी घेतात तसं. मंग म्हनल्या, "त्याच नावात तुमच्या पत्रिका मी घातल्या, ह्या अंगठ्यानं. पाहून घ्या, भरल्या का नाई. कमी असन त सांगा. अन् तो डबाही पाहा, मास्तर. तुमचं तोंडातलं आमी काड्याइनं काहाडलं आज. त्याचा उखाना मले येत नाई, नाई त घेतला असता."

प्रेसवाल्यानं डब्याकडं पाह्यलं, मंग आपल्या बोटातल्या फ्लापीकडं, अन् ती कागदात गुंडाळून मागितली.

सर म्हनले, "राह्य द्या हो मावशी, गंमत केली." अन् माह्याकडं न पाहता, "उद्या येळेवर या. लगनसराईत मले दुसरी कोन भेटनार हाय."

ते पक्कं होतं. असं झालं माह्यं पक्कं होनं.

घरी सांगितलं त घरचे हो म्हनले, पन मुकादम नाई म्हनला. जोडी पायजे. एकटा मानूस तो नेत नाई. सकाळी आत्याबाईनं आपलं गाठोडं बांधलं. मी म्हनलं, तुमच्याच्यानं विटा उचलतीन का जी? त्या म्हनल्या, "माती मळीन. साचे भरीन. अंगठा चांगला चालते माहा, तूनं पाह्यलं न."

ट्रक रस्त्यावर उभा होता. घरचे वर चढले, हात देऊन मायले वर घेतलं. पोट्टीनं आजीचं लुगडं धरलं होतं, ते मी सोडवलं, एकेक बोट. मुकादमनं आत्याबाईकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, माह्या जागी ती, हिशेब लावला, अन् ट्रकच्या पाट्यावर हात मारून ड्रायवरले म्हनला, "ओके, चाल."

मी नालीच्या कडंले गेली अन् वकली.

आता पोट्टी माह्यासंगं गाळ्यातच राह्यते. रांगाले लागली. डबा सरनं बाहीर ठेवला, पन सवय जात नाई, कव्हा कव्हा कोपऱ्यात पिंक पडते, अन् मी एक डोया पडद्यावर अन् एक जमिनीवर ठेवून काम करतो. प्रेसवाल्याच्या पेटीत पत्रिका जातात. ते नाव मी आता टाइप करतो, बोटं करतात, तोंड नाई, इथंही लिवलं नाई. अन् मशीन ओके म्हनली की मी उघडून पाह्यतो. दरवेळी. सर म्हनतात, बाई, टाइम जाते. जाऊ दे. भट्टीवरून अजून कोनी आलं नाई, अन् तिथं उघडून पाहाले मले येत नाई.